ॲसिडच्या शेडमध्ये बसाल्टची सळई: उद्यमबागमधले एक प्रकरण

बेळगावच्या उद्यमबागमध्ये फाउंड्री आणि मशीन शॉपच्या मधल्या गल्ल्यांत प्लेटिंगची छोटी युनिट आहेत. बोल्ट, पिना, हायड्रॉलिकचे फिटिंग, पंपाचे सुटे भाग यांच्यावर तिथे जस्ताचा थर चढतो. त्याआधी मालावरचा गंज उतरवण्यासाठी तो हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या टाकीत बुडवतात. याला पिकलिंग म्हणतात. माल एका टाकीतून दुसऱ्या टाकीत जाताना ॲसिड ठिबकते, धुण्याचे पाणी सांडते, आणि वाफ तर दिवसभर असतेच. हे प्रकरण अशाच एका शेडच्या काँक्रीटच्या जमिनीचे आहे.

शेड साधारण १२ बाय १८ मीटरची. जमीन १२५ मिमी जाडीची, तिच्यात ८ मिमीच्या सळ्या दोन्ही दिशांना २०० मिमी अंतराने. पिकलिंगच्या बाजूला पोपडे उडून सळ्या उघड्या पडलेल्या. काही ठिकाणी ८ मिमीची सळई बोटाने मोडेल इतकी बारीक झालेली, काही ठिकाणी नुसता तांबडा भुगा. सांडपाण्याच्या गटारावरच्या झाकणांची तीच गत. एका झाकणावर हातगाडीचे चाक अडकून ते तुटले, तेव्हा मालकांनी जमीन उखडून नवी करायची ठरवले आणि मला बोलावले.

रोग ओळखणे अवघड नव्हते, पण नीट ओळखणे गरजेचे होते, कारण औषध त्यावर ठरणार होते. चांगल्या काँक्रीटमध्ये अल्कली भरपूर असते आणि त्यामुळे सळईवर एक अतिशय पातळ संरक्षक थर टिकून राहतो. ॲसिडमधले क्लोराइड आत झिरपले की तो थर ठिकठिकाणी फुटतो. क्लोराइड या रासायनिक क्रियेत संपून जात नाही, म्हणून एकदा आत शिरले की गंज चालूच राहतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दोन ते सहापट, त्यामुळे आतून दाब येऊन कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, फुटते आणि ॲसिडला आणखी वाट मिळते. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे लोखंड असलेल्या काँक्रीटमध्ये ओततानाच क्लोराइड घनमीटरला ०.६ किलोपेक्षा जास्त असता कामा नये. इथे तर वर्षानुवर्षे वरून ओतले जात होते. ड्रिलने वेगवेगळ्या खोलीवरची भुकटी काढून तपासली. टाक्यांजवळ क्लोराइड पूर्ण जाडीत पोचले होते आणि शेडच्या दुसऱ्या टोकाला, जिथे माल वाळवून भरतात, तिथे वरच्या थरातच होते. प्लेटिंगच्या टाक्यांना रेक्टिफायरमधून (एसीचा डीसी करणाऱ्या यंत्रातून) डीसी करंट जातो. त्यातला थोडा जरी जमिनीतल्या ओल्या सळ्यांमधून भरकटला तरी गंज वेगाने वाढतो. टाक्यांखालच्या सळ्या सगळ्यात जास्त खाल्ल्या गेल्या होत्या. त्याला हेही एक कारण असावे असे माझे मत आहे.

मी पोचण्याआधीच मालकांकडे एक विक्रेता येऊन गेला होता. त्याने बसाल्ट फायबरच्या, म्हणजे काळ्या दगडाच्या धाग्यांच्या, सळईचे तुकडे, एक रंगीत पत्रक आणि एक तक्ता दिला होता. तक्त्यात डाव्या बाजूला लोखंडी सळईचा व्यास आणि उजव्या बाजूला तिच्या जागी चालणाऱ्या बसाल्टच्या सळईचा व्यास. १० मिमीच्या जागी ७ मिमी, १२ च्या जागी ८. मालकांना तो फार पटला होता. जमिनीबरोबरच शेडच्या कडेला ऑफिससाठी साडेतीन मीटर गाळ्याचा (खांबा-खांबांतल्या अंतराचा) माळा आणि त्याचे चार खांबही व्हायचे होते. “सगळंच ह्याचं घालूया की, सर. परत गंजायची भानगडच नको,” असे ते म्हणाले. ही मागणी वेडगळ नव्हती. ज्याने आपल्या शेडमधले लोखंड डोळ्यांसमोर भुगा होताना पाहिले आहे, त्याला लोखंडाचा वीट येणे स्वाभाविक आहे.

मला त्या पत्रकापेक्षा त्या तक्त्याची काळजी जास्त वाटली, आणि का ते सविस्तर सांगतो.

बसाल्टचा धागा काढायची रीत ऐकायला सोपी आहे. दगड फोडून, धुऊन, साधारण १,४५० ते १,५०० अंश सेल्सिअसला वितळवतात आणि तो रस प्लॅटिनम-ऱ्होडियमच्या बारीक छिद्रांच्या पट्टीतून ओढतात. पाकाला तार यावी तसे ९ ते २० मायक्रॉन जाडीचे धागे निघतात. काचेच्या धाग्यासाठी वाळू, चुनखडी, ॲल्युमिना, बोरॉनची संयुगे असे मिश्रण जमवावे लागते. इथे एकच दगड पुरतो, आणि हेच या धाग्याचे मोठे आकर्षण. अशा धाग्याची कल्पना १९२० च्या दशकापासून पेटंटमध्ये आहे, पण तिच्यावर खरी मेहनत सोव्हिएत संघात झाली. बराच काळ ते लष्करी संशोधन होते, आणि नागरी वापरासाठी ते १९९० च्या दशकात खुले झाले.

आमचा सळ्या बांधणारा मिस्त्री खानापूरकडचा. त्याने तुकडा हातात फिरवून विचारले, “काय वो सायेब, ह्यो आपल्याच खाणीतला काळा दगुड काय?” प्रश्न अगदी योग्य होता. दख्खनचा काळा पाषाण सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, आज साधारण पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला, आणि त्याची दक्षिणेची कड आपल्या बेळगावच्या आसपास येऊन संपते. गोकाकचा धबधबा कोसळतो तो वालुकाश्मावरून, खानापूरकडे घराच्या भिंतीला जांभा, आणि क्रशरवर खडीला येतो तो काळा दगड. एवढ्याशा टापूत तिन्ही. पण धाग्याला लागणारा दगड आणि खडीला लागणारा दगड जातीने एक असले तरी निवड वेगळी असते. धाग्यासाठी सिलिका साधारण ४६ टक्क्यांच्या वर हवी, रसाचा चिकटपणा ओढण्याजोगा हवा, आणि खाणीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रासायनिक घडण एकसारखी हवी. ऑलिव्हिनसारखे स्फटिक उरले किंवा रस निवताना पुन्हा धरले तर धागा तुटतो. दगडातल्या लोहामुळे रस काळाकुट्ट असतो, वरून दिलेली उष्णता खोल जात नाही, म्हणून भट्टीतच इलेक्ट्रोड बुडवून तापवावे लागते. मिस्त्रीला मी एवढेच सांगितले की दगड आपल्या भाऊबंदांतला आहे, पण ही सळई आपल्या खाणीतली नाही.

धाग्याची सळई होते ती रेझिनमध्ये. हजारो धागे व्हिनाइल एस्टर किंवा इपॉक्सीत भिजवून साच्यातून ओढतात आणि पक्के करतात. वरून धाग्याचा पीळ देतात किंवा वाळू चिकटवतात, म्हणजे काँक्रीट धरते. इथे पत्रकातली एक गल्लत होते. धाग्याचे गुण सळईच्या नावावर खपवले जातात. एकेरी धाग्याची ताणशक्ती ३,००० मेगापास्कलच्या (एक मेगापास्कल म्हणजे चौरस मिलिमीटरला एक न्यूटन) वर असू शकते, सळईची साधारण ८०० ते १,२००. धागा ६०० अंशांच्या पुढेही काही काळ तग धरतो, पण रेझिन १०० ते १२० अंशांच्या आसपासच मऊ पडू लागते आणि मग सळई व काँक्रीट यांची पकड सुटते. म्हणजे पत्रकावरचा “७०० अंश” हा आकडा सळईला लागूच होत नाही. छताच्या स्लॅबला आगीचा विचार करावा लागतो, तिथे हा फरक जिवावरचा आहे.

आता तो तक्ता. १० मिमी लोखंडी सळईचे क्षेत्रफळ ७८.५ चौ. मिमी. एफई ५०० ची, म्हणजे ५०० मेगापास्कलला लांबू लागणाऱ्या जातीची, असेल तर ती ३९ किलोन्यूटनच्या आसपास ताण घेऊन मग लांबायला लागते. ७ मिमी बसाल्टचे क्षेत्रफळ ३८.५ चौ. मिमी. १,००० मेगापास्कल धरले तर तीही ३८.५ किलोन्यूटनला तुटते. बेरीज-वजाबाकी बरोबर आहे, तक्ता खोटा नाही. पण तो फक्त तुटण्याची तुलना करतो, आणि काँक्रीटमधली सळई रोजच्या वापरात तुटायच्या जवळपासही जात नाही. ती रोज जे काम करते ते म्हणजे तडा रुंद होऊ न देणे आणि स्लॅब लवू न देणे. त्यासाठी लागतो ताठरपणा. लोखंडाचा स्थितिस्थापकता गुणांक २०० गिगापास्कल, बसाल्टच्या सळईचा साधारण ५०. क्षेत्रफळ निम्मे आणि गुणांक चौथाई, म्हणजे त्या ७ मिमी सळईचा ताठरपणा १० मिमी लोखंडाच्या एक अष्टमांश. तेवढ्याच ओढीला ती आठपट ताणली जाणार. तड्याची रुंदी पकडीवर आणि सळ्यांच्या अंतरावरही अवलंबून असते, त्यामुळे तडा बरोबर आठपटच होईल असे नाही, पण दिशा हीच. आणि ॲसिडच्या शेडमध्ये तडा म्हणजे ॲसिडला उघडे दार.

मालकांना हे कागदावर मांडून दाखवले तेव्हा त्यांनी विचारले, “मग तेवढ्याच जाडीची घातली तर?” तेवढ्याच क्षेत्रफळाची बसाल्ट सळई घातली तरी ताठरपणा चौथाईच राहतो. माळ्याच्या स्लॅबसाठी मी काँक्रीटच्या छेदाच्या ०.५ टक्के सळई धरून गणित केले. तडा गेलेल्या अवस्थेत स्लॅबचे लवणे लोखंडाच्या तुलनेत तिपटीहून जास्त निघते. शिवाय कायम राहणाऱ्या भाराचा प्रश्न वेगळाच. रेझिनमधला धागा सतत ताणाखाली राहिला तर हळूहळू दमतो आणि कमी ताणालाही तुटू शकतो. अमेरिकेच्या एसीआय (अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूट) या संस्थेच्या ४४०.१आर मार्गदर्शिकेच्या २०१५ च्या आवृत्तीत काचेच्या सळईसाठी, माती किंवा हवामान लागणार असेल तर, शक्ती आधी ०.७ ने गुणायची आणि कायमचा ताण त्याच्या २० टक्क्यांत ठेवायचा असे आहे. म्हणजे पत्रकातले १,००० आधी ७०० होतात आणि कायमच्या भारासाठी १४० मेगापास्कल उरतात. तो दस्तऐवज बसाल्टसाठी लिहिलेला नाही. पण ताठरपणा काचेच्या सळईच्या जवळचा आणि रेझिन तेच, म्हणून मी बसाल्टला काचेपेक्षा जास्त सवलत देत नाही. धागा थोडा सरस असेल, पण सळईचे आयुष्य बहुतांशी रेझिनवर अवलंबून आहे.

खांबांचा निर्णय तर एका वाक्यात झाला. लोखंड तुटण्याआधी लांबते, बसाल्टची सळई तुटेपर्यंत सरळ रेषेत ताणते आणि मग एकदम जाते. आयएस १८९३ या भूकंपाच्या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीप्रमाणे बेळगाव तिसऱ्या भूकंप विभागात येते. भूकंपात खांब-तुळईने वाकून ऊर्जा जिरवायची असते, आणि न वाकता मोडणारी सळई त्या कामाची नाही. माळा आणि त्याचे खांब लोखंडातच केले, पिकलिंगपासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात सरकवले, कव्हर वाढवले आणि काँक्रीट घट्ट घेतले. मालक थोडे हिरमुसले. पण जिथे माणसे डोक्यावर स्लॅब घेऊन बसणार आहेत तिथे या बाबतीत तडजोड करायला मी तयार नाही.

जमिनीचे मात्र वेगळे. ती मातीवर सगळीकडे टेकलेली असते, सळई तुटली म्हणून कुणाच्या डोक्यावर काही पडत नाही, कायमचा ताण नगण्य आणि भूकंपाचा प्रश्न नाही. सळईचे काम एकच, काँक्रीट आकसताना पडणारे तडे बारीक ठेवणे. क्लोराइड आणि भरकटता करंट या दोन्ही गोष्टी बसाल्टला लागत नाहीत, कारण तो धातू नाही आणि वीजवाहकही नाही. या जागेसाठी हे साहित्य अगदी मनासारखे आहे आणि ते मी मालकांना तितक्याच ठामपणे सांगितले.

फक्त प्रमाण तक्त्याने ठरवायचे नाही. त्याच एसीआयच्या मार्गदर्शनात आकसण्यासाठीच्या सळईचे प्रमाण लोखंडाच्या ०.००१८ वरून काढतात. शक्ती जास्त म्हणून ते कमी होते, ताठरपणा कमी म्हणून वाढते. १,००० मेगापास्कल आणि चौथाई ताठरपणा धरला तर ते सुमारे ०.००३ येते. १५० मिमी जाडीच्या जमिनीला मीटर रुंदीत ४४७ चौ. मिमी, म्हणजे १० मिमी सळई १७५ मिमी अंतराने. मी १५० घेतले. आयएस ४५६ प्रमाणे लोखंड घातले असते तर ०.१२ टक्क्यांनी १८० चौ. मिमी पुरले असते. म्हणजे विक्रेत्याचा तक्ता सळई बारीक करायला सांगत होता आणि गणित अडीचपट क्षेत्रफळ मागत होते. तरीही वजनात फायदाच. १० मिमी बसाल्ट मीटरला दीडशे ग्रॅमच्या आसपास भरते, १० मिमी लोखंड ६१७ ग्रॅम. बसाल्टची सळई मीटरच्या भावाने विकतात आणि लोखंड किलोच्या, त्यामुळे दोन दरपत्रके शेजारी ठेवून काहीच कळत नाही. चौरस मीटर जमिनीला किती रुपये लागतात ते काढा आणि त्यात पुन्हा उखडण्याचा खर्च व त्या काळात बंद राहणारे काम धरा, मग चित्र स्पष्ट होते. या शेडला सुरुवातीचा खर्च लोखंडापेक्षा जास्तच आला.

कापलेल्या बसाल्ट धाग्याचे पाकीटही विक्रेत्याने दिले होते, काँक्रीटमध्ये मिसळायला. ते आम्ही घेतले नाही. उघडा धागा थेट सिमेंटच्या अल्कलीत राहतो आणि सिलिकाचा धागा तिथे हळूहळू कमकुवत होतो. अल्कलीत टिकणाऱ्या काचेत त्यासाठीच झिर्कोनिया घालतात. ओल्या काँक्रीटचे पहिल्या काही तासांतले तडे रोखणे एवढेच हवे असेल तर साधा पॉलिप्रोपिलीनचा धागा घनमीटरला ०.९ किलो पुरतो. तोच वापरला.

आता ज्या गोष्टीवर मालकांशी सगळ्यात जास्त बोलणे झाले ती. सळई बदलली म्हणून काँक्रीट ॲसिडपासून वाचत नाही. हायड्रोक्लोरिक ॲसिड सिमेंटमधल्या चुन्याशी संयोग पावून कॅल्शियम क्लोराइड बनवते, ते पाण्यात विरघळते आणि वाहून जाते. वरचा थर खरवडत जातो, खडी उघडी पडते. सळई गंजली नसती तरी हे होणारच होते. बसाल्टच्या सळईने एकच गोष्ट साधते. वरचे संरक्षण कुठे फुटलेच, तर आतला सांगाडा फुगून अख्खी जमीन उडवत नाही, तेवढा भाग दुरुस्त करता येतो. संरक्षण मात्र वेगळे हवेच. पिकलिंगच्या पट्ट्यात व्हिनाइल एस्टरचा पडदा आणि त्यावर ॲसिडरोधक टाइल, सांधे त्याच जातीच्या रेझिनने भरलेले. उरलेल्या भागात इपॉक्सीचा थर. आणि उतार. जुनी जमीन सपाट होती, म्हणून ॲसिड साचून राहत होते. नव्या जमिनीला पिकलिंगच्या बाजूने गटारापर्यंत स्पष्ट उतार दिला. खर्चाच्या यादीत त्याची वेगळी ओळसुद्धा नव्हती, पण या कामातली सगळ्यात उपयोगी गोष्ट तीच असे मी मानतो.

माल आल्यावर नमुने तपासायचे होते, आणि तिथे एक अडचण आली. लोखंडाच्या चाचणीसाठी मशीनचे दातेरी जबडे सळई थेट पकडतात. बसाल्टची सळई आडव्या दाबाला नाजूक. जबड्यातच चुरडते, टोकाशी तुटते आणि आकडा खोटाच कमी येतो. म्हणून सळईच्या दोन्ही टोकांना लोखंडी नळी चढवून तिच्यात फुगणारे ग्राउट (सिमेंटचा पातळ मसाला) भरायचे, ते पक्के झाले की नळी पकडून ओढायचे. परदेशात एएसटीएम डी ७२०५ या अमेरिकी मानकात हीच पद्धत आहे, आणि आपल्याकडे २०२३ मध्ये आयएस १८२५५ आले, त्यातही अशा सळ्यांच्या चाचण्या आहेत. त्याच वर्षीच्या आयएस १८२५६ मध्ये काचेच्या सळईचे निकष आहेत. मी मागणीपत्रात शक्ती, गुणांक, रेझिनची जात आणि धाग्याचे प्रमाण या चारही गोष्टी लिहून मागितल्या. रेझिन पॉलिएस्टरचे चालणार नाही हे खास लिहिले, कारण अल्कलीत व्हिनाइल एस्टर जास्त टिकते. नुसते “बसाल्ट सळई, १० मिमी” असे लिहिणाऱ्याला काय मिळेल याची खात्री देता येत नाही. चाचणीत गुणांक पत्रकातल्या आकड्याच्या थोडा खाली आला, पण गणितातल्या ५० च्या वर. शक्ती भरपूर होती. माझ्या दृष्टीने पहिला आकडा महत्त्वाचा होता.

जुने काँक्रीट आणि त्याखालची क्लोराइड प्यालेली माती काढून मुरूम भरला, दाबला, वर प्लास्टिकचा जाड कागद अंथरला. इथून पुढे मिस्त्रीचे राज्य. १० मिमीची सळई वेटोळ्यात येते आणि ती सोडताना सपकन उलटते. पट्टी कापण्याआधी दोघांनी धरायचे, तोंड समोर ठेवायचे नाही. कटरने दाबून तोडली तर टोक पिंजते, म्हणून डिस्कने कापायची, आणि तेव्हा मास्क व हातमोजे हवेतच, कारण तिचे बारीक कुसळ कातडीत रुतते. उन्हात ठेवायची नाही, रेझिन खराब होते, ताडपत्री घालायची. जागेवर वाकवता येत नाही. काठाला लागणारे एल आकाराचे तुकडे कारखान्यातूनच करून आणावे लागले, आणि वाकलेल्या जागी शक्ती बरीच कमी असते हे गणितात धरले. बांधायला तारेऐवजी नायलॉनच्या पट्ट्या. बिनगंजाच्या जाळीला गंजणाऱ्या तारेच्या गाठी मारण्यात अर्थ नव्हता.

ज्या गोष्टीने मिस्त्रीला सगळ्यात जास्त विचार करायला लावला ती म्हणजे जाळी वर येणे. लोखंडाची जाळी स्वतःच्या वजनाने बसते. बसाल्टच्या सळईची घनता २ च्या आसपास आणि ओल्या काँक्रीटची २.४, त्यामुळे व्हायब्रेटर लावला की जाळी वर तरंगायला पाहते. त्यावर त्यानेच उपाय काढला. खुर्च्यांची, म्हणजे जाळी उचलून धरणाऱ्या आधारांची, संख्या वाढवली आणि जाळी खुर्चीला नुसती टेकवण्याऐवजी ठिकठिकाणी खाली बांधून टाकली. माणसे जाळीवर चालली की सळ्या लवतात आणि खुर्च्या कलंडतात, म्हणून फळ्या टाकून त्यावरून काम केले. ओतताना दर काही फुटांवर सळी खुपसून जाळीची खोली पाहत राहिलो. हे न पाहता केलेली जमीन वरून छान दिसते आणि जाळी मात्र वरच्या पृष्ठाजवळ, नको तिथे असते. साहित्याला नावे ठेवली जातात ती बहुधा अशा कामांमुळे.

सांधे चार मीटरच्या आत कापले, दुसऱ्या दिवशी सकाळी, जाडीच्या एक चतुर्थांश खोल. एकही सांधा टाकीखाली येणार नाही अशी आखणी आधीच केली होती. टाक्या ठरल्या जागेवरच राहतील असे मालकांकडून लिहून घेतले, कारण शेडमध्ये सामान हलत असते आणि सांधा मात्र हलत नाही.

गटाराची झाकणे हा या कामाचा छोटा पण मला सगळ्यात आवडलेला भाग. गटार ६०० मिमी रुंद, झाकण ७५० लांब, ५०० रुंद, ७५ मिमी जाड, एम ३० (३० मेगापास्कल दाबशक्तीचे) काँक्रीट, खालच्या बाजूला १० मिमी बसाल्टच्या चार सळ्या. भरलेल्या हातगाडीच्या चाकाचा ५ किलोन्यूटन भार मध्यावर धरला तर झाकणाच्या वजनासह मोमेंट (वाकवणारा जोर) ०.९ किलोन्यूटन मीटरच्या आसपास, आणि काँक्रीटला पहिला तडा जायला लागतो सुमारे १.८. म्हणजे रोजच्या वापरात झाकण तडकतच नाही, आणि सळईचा कमी ताठरपणा इथे आड येत नाही. कधी झाकण हातातून पडले किंवा जास्त भार आला, तर सळ्या ते दोन तुकडे होण्यापासून धरून ठेवतात. प्रमाण मुद्दाम जास्त ठेवले आहे. लोखंडाच्या स्लॅबमध्ये आपण सळई आधी दमावी असे पाहतो, इथे उलट काँक्रीट आधी चिरडावे असे पाहायचे, कारण सळईचे तुटणे एकदम होते. वजन सत्तर किलोच्या आत, दोघांना हुक लावून उचलता येते. ॲसिडची वाफ गटारातून वर येऊन झाकणाच्या खालच्या अंगालाच लागते, तिथेच जुन्या झाकणांचे लोखंड संपले होते. या झाकणांच्या खालच्या अंगालाही इपॉक्सी दिली आहे.

दोन पावसाळे गेल्यावर जमीन पाहिली. सांध्यांमधले सीलंट पिकलिंगच्या बाजूला दोन ठिकाणी सुटले होते, ते काढून नवे भरले. टाइलच्या एका कोपऱ्यात रेझिनचा सांधा उडाला होता, तिथे माल आपटत असावा. त्याखाली पडदा शाबूत निघाला. वाळवण्याच्या बाजूला इपॉक्सीखाली केसासारखे दोन तडे दिसले, रुंदी मोजली, बुजवावे लागतील इतके रुंद नव्हते. त्या दोन्ही तड्यांच्या टोकांवर तारीख घालून खुणा केल्या आहेत. माळ्याचे लोखंडी खांब कोरडे आहेत आणि त्यांच्या पायथ्याशी पाणी सांडू नये म्हणून मालकांनी स्वतःहून चार इंचांचा कठडा बांधून घेतला आहे. आता त्यांनी शेजारच्या गाळ्यातली जमीनही अशीच करायला काढली आहे. तिथे ॲसिड नाही, नुसते मशीन शॉप आहे आणि तेलाचे डाग आहेत. तिथे लोखंडाची जाळी घाला, त्या पैशांतून उतार आणि सांधे नीट करून घ्या, असे मी त्यांना लिहून दिले आहे.